चौघांत चौथा कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



‘पार्टी’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर एक तर वाढदिवसाचा केक येतो, नाहीतर निवडणुकीतला झेंडा. आज मी ज्या पार्टीविषयी बोलणार आहे ती या दोन्हींतली नाही. संगणकावर, मोबाइलवर किंवा टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर काही खेळ असे असतात की त्यांत आपण एकट्या वीराचे नव्हे, तर तलवारी, ढाली आणि मंत्रांच्या पोथ्या घेऊन निघालेल्या चार-सहा जणांच्या टोळीचे धनी असतो. या खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात आणि त्या टोळीला पार्टी. मी आपला तिला ‘चमू’ म्हणेन.

पेशाने मी गणिताचा शिक्षक, आता निवृत्त. हे खेळ मी गेली वीसेक वर्षं खेळतो. ‘या वयात?’ असं विचारणारे भेटतात. त्यांना मी सांगतो, की यात बटणं दाबण्याची चपळाई लागत नाही. बहुतेक खेळ बुद्धिबळासारखे पाळीपाळीने चालतात. घाई कोणी करत नाही. चहा निवत ठेवून विचार करता येतो. आणि सगळ्यात अवघड विचार खेळ सुरू होण्यापूर्वीचा असतो: बरोबर कोणाला घ्यायचं?

याचं मूळ टेबलावर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. कागद, पेन्सिल, फासे आणि चार मित्र एवढंच भांडवल. पुढे १९८१ मध्ये अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठातल्या दोघांनी ‘विझर्डरी’ नावाचा खेळ संगणकावर आणला. त्यात सहा जणांचा चमू असे. तिघे पुढे, तिघे मागे. मागच्यांची शस्त्रं शत्रूपर्यंत पोचत नसत, म्हणून मागे मंत्रवाले उभे करायचे. कोणी मेला तर देवळात नेऊन, पैसे भरून त्याला उठवता येई. पण विधी फसला की त्याची राख होई, आणि राखेवरचा विधीही फसला की तो माणूस कायमचा गेला. आजच्या खेळांनी ही कठोरता बरीच सैल केली आहे, ते बरंच झालं. पण पुढे कोण, मागे कोण, हा प्रश्न तिथून जो आला तो अजून गेलेला नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी जपानच्या स्क्वेअर कंपनीचा पहिला ‘फायनल फँटसी’ सुचवतो. हिरोनोबू साकागुची यांचा हा खेळ डिसेंबर १९८७ मध्ये आला. २०२१ मध्ये त्याची चित्रं नव्याने काढून संगणकासाठी आणि मोबाइलसाठी आवृत्ती निघाली, त्यामुळे जुनं यंत्र शोधत फिरावं लागत नाही. खेळ सुरू होताच तो तुम्हाला सहा पेशे दाखवतो: योद्धा, चोर, मल्ल, लाल जादूगार, पांढरा जादूगार आणि काळा जादूगार. त्यांतून चौघे निवडायचे. एकाच पेशाचे दोन, तीन, चारही चालतात. एकदा निवडले की खेळ संपेपर्यंत तेच. बदली नाही, राजीनामा नाही.

गणिताच्या मास्तराला इथे राहवत नाही. सहा पेशांतून पुनरावृत्तीसह चार निवडण्याचे प्रकार होतात १२६. यांतले बरेचसे चालतात, हे मला या खेळाचं मोठेपण वाटतं. चारही पांढरे जादूगार घेऊन, म्हणजे मलमपट्टी करणारे चौघे घेऊन, खेळ तडीस नेणारे हौशी लोक आहेत. पण नवशिक्याने तो नाद करू नये. तसंच चारही योद्धे घेण्याचा मोह टाळावा. तूही राणी, मीही राणी, मग पाणी कोण भरणार?

आता पेशांकडे पाहू. योद्धा जाड चिलखत घालतो आणि मार खातो. मार खाणं हेच त्याचं काम. काळा जादूगार आग, बर्फ, वीज फेकतो, एका मंत्रात शत्रूंची अख्खी रांग भाजून काढतो, पण स्वतः काडीपैलवान. पांढरा जादूगार जखमा भरतो आणि पिशाच्चांना पळता भुई थोडी करतो. मल्ल हा गमतीचा प्राणी आहे. सुरुवातीची काही पातळ्या त्याच्या हातात शस्त्र लागतं. नंतर तो रिकाम्या हातांनी असा मारतो की तलवारवाल्याने पाहत राहावं. लाल जादूगाराला तलवारही येते, पांढरे मंत्रही येतात आणि काळेही. सुरुवातीला तो फार मोलाचा वाटतो. पुढे मात्र दोन्हींकडचे वरच्या दर्जाचे मंत्र त्याला मिळत नाहीत आणि त्याची गत एक ना धड, भाराभर चिंध्या अशी होते. चोराविषयी थोडक्यात सांगायचं तर खेळ निम्म्यावर जाऊन त्याला बढती मिळेपर्यंत त्याला पोसावं लागतं.

माझी शिफारस: योद्धा, मल्ल, पांढरा आणि काळा. कारण केवळ लढाईचं नाही, पैशाचं आहे. मूळ खेळात तुम्ही ४०० नाण्यांवर संसार सुरू करता. चिलखत महाग, मंत्रही विकतच घ्यावे लागतात. चौघांच्याही गरजा महाग असल्या तर कोणाचीच नीट भागत नाही. मल्लाला तलवार नको, जाड चिलखत नको. त्याच्या वाट्याचे पैसे मंत्रांवर जातात. चमू निवडताना कोण किती जोरात मारतो हे सगळेच बघतात. कोणाचा खर्च किती, हे फार थोडे बघतात.

दुसरी गोष्ट रांगेची. या खेळात चौघे एकाखाली एक उभे असतात आणि शत्रूचे वार सारखे वाटले जात नाहीत. पहिल्यावर साधारण निम्मे वार पडतात, दुसऱ्यावर पाव, आणि उरलेला पाव खालच्या दोघांत अर्धा-अर्धा. म्हणजे आठ वार झाले तर चार, दोन, एक, एक. हे खेळ कुठेही लिहून सांगत नाही. मुलं काळ्या जादूगाराला हौसेने पहिला ठेवतात, कारण त्याची टोपी छान दिसते, आणि मग तो दर लढाईत का मरतो म्हणून कपाळाला हात लावतात. योद्धा वर, मल्ल त्याच्याखाली, जादूगार तळाशी. एवढ्या एका बदलाने निम्मी रड थांबते.

आता जे सांगतो त्याकडे जरा लक्ष द्या. या खेळात लढाई संपताना जो मेलेला असतो त्याला अनुभवाचे गुण मिळत नाहीत. ते जिवंत असलेल्यांत वाटले जातात. याचा अर्थ असा, की दुबळा एकदा मागे पडला की प्रत्येक लढाईगणिक आणखी मागे पडतो, आणि बळकट आणखी बळकट होतात. थोड्या वेळाने चमूत तीन पैलवान आणि एक ओझं तयार होतं. नवखा खेळाडू म्हणतो, हा जादूगार कुचकामी आहे. तो कुचकामी नसतो, त्याला शिकायला मिळालेलं नसतं. तेव्हा शेवटचा शत्रू उरला असेल आणि आपला कोणी मरणाच्या दारात असेल, तर त्या पाळीत वार करण्याआधी त्याला सांभाळा. पडलेला असेल तर गावातल्या देवळात नेऊन पैसे भरून उठवा आणि मगच पुढची लढाई घ्या. पैसे वाचवून मेलेला माणूस वागवत फिरणं महागात पडतं.

जुन्या आवृत्तीत आणखी एक खोडी होती. तिघांनी मिळून एकाच शत्रूवर वार करायचं ठरवलं आणि तो पहिल्याच वारात मेला, तर उरलेले दोघे हवेत तलवार फिरवत. शत्रू वाटून घ्यायची सवय त्यामुळे आपोआप लागे. याच जुन्या आवृत्तीत बुद्धीचा आकडा कितीही मोठा असला तरी मंत्राचा जोर वाढत नसे, प्रोग्रॅममधली ती चूक होती. मास्तर म्हणून मी यावर अधिक भाष्य करत नाही.

पहिली खरी परीक्षा दलदलीच्या गुहेत होते. तोवरचं सगळं गोडीगुलाबीचं असतं: राजकन्येला सोडवायचं, पूल बांधून मिळतो, गलबत मिळतं. दलदलीच्या गुहेत मात्र विषारी जीव आहेत. विष भिनलं की मूळ खेळात लढाई संपल्यावरही प्रत्येक पावलागणिक जीव कमी होत जातो. तळाशी मुकुट आहे आणि त्याच्या राखणीला मायावी राक्षस. नवशिके सगळी औषधं, सगळे मंत्र वापरून तिथवर पोचतात, मुकुट घेतात, आणि परतीच्या वाटेवर मरतात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे सांगायला नको. गड चढताना लागतं तेवढंच पाणी उतरतानाही लागतं. निम्मी औषधं संपली की परत फिरायचं, मुकुट समोर दिसत असला तरी. मंत्रांचाही हिशेब तोच. पहिल्या पातळीवरच्या जादूगाराला झोप घेईपर्यंत दोनच मंत्र मिळतात. साध्या लांडग्यावर ते उधळू नयेत.

हा झाला जुना खेळ. आता अलीकडचा एक.

ऑगस्ट २०२३ मध्ये बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने ‘बाल्डर्स गेट ३’ आणला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हणून त्याला मान मिळाला. पालकांसाठी आधीच सांगतो, युरोपात या खेळावर १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी असा शिक्का आहे आणि तो योग्य आहे. शाळकरी मुलांच्या हाती तो देऊ नये. मोठ्यांसाठी मात्र चमू बांधण्याची याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

इथे सोबती पाटीवरून निवडायचे नसतात, ते वाटेत भेटतात आणि त्यांना स्वतःची मतं असतात. लेझेल ही कडक लढवय्यी, शॅडोहार्ट ही पुजारीण, ॲस्टेरियन हा कुलपं उघडणारा, गेल हा जादूगार, आणखीही आहेत. तुमचं वागणं त्यांना पसंत पडतं किंवा पडत नाही, आणि फारच बिनसलं तर काही जण सोडूनही जातात. एका वेळी चौघेच चालतात, बाकीचे तळावर थांबतात. तळावर थांबलेल्यांचीही पातळी चाललेल्यांबरोबर वाढते, त्यामुळे कोणाला मागे ठेवलं म्हणून त्याचं नुकसान होत नाही. जुन्या खेळातला तो अन्याय इथे दूर झाला आहे. शिवाय विदर्स नावाचा एक सुकलेला म्हातारा तळावर येतो. तो १०० मोहरा घेऊन कोणाचाही पेशा बदलून देतो. तेव्हा सुरुवातीच्या निवडीची धास्ती नको. उंचावर उभं राहून बाण मारला तर फाशात दोनाची भर पडते, म्हणून धनुर्धराला गच्ची शोधून द्या. कुलपं उघडणारा एक असावा. आणि गोड बोलणारा एक हवाच, कारण अनेक लढाया बोलून टळतात. पण लक्षात ठेवा, समोरच्याशी जो जाऊन बोलायला लागतो त्याचंच वक्तृत्व मोजलं जातं. गावात शिरताना त्या गोडबोल्यालाच पुढे ठेवा. नाहीतर चिलखतवाला जाऊन दार ठोठावतो आणि वाटाघाटी तिथेच संपतात.

हा खेळ चार खरी माणसं मिळूनही खेळू शकतात, आणि मला बोलायचंय ते याविषयी. माझी भाची अभियंता आहे. तिच्याबरोबर शिकलेले तिघे आता चार दिशांना पांगले आहेत. एक नागपुरात, एक बंगळुरूला, एक जर्मनीत. लग्नकार्यालाही एकत्र जमणं होत नाही. शनिवारी रात्री हा खेळ खेळायचा, एवढाच चौघांचा उरलेला धागा. भाचीने असा खेळ पूर्वी कधी खेळलेला नव्हता. तेव्हा तिघांनी तिला पुजारीण केलं. का, तर ‘तू मागे उभी राहा आणि आम्हाला बरं करत राहा, त्यात चुकण्यासारखं काही नाही.’

आपल्याकडे लहानपणी पकडापकडीत एखाद्या धाकट्याला लिंबू-टिंबू म्हणून घेत असत. तो पळायचा, पण बाद व्हायचा नाही, आणि त्याच्यावर राज्यही यायचं नाही. तो खेळात असायचा आणि नसायचाही. चमूतल्या वैद्याचं जगभर हेच होतं. नव्याला द्या, बहिणीला द्या, ज्याला खेळता येत नाही त्याला द्या. दोन महिन्यांनी भाचीचा फोन आला. म्हणाली, “मामा, मला नुसतं मलम लावायला ठेवलंय. चांगलं चिलखत मिळालं की ते पुढच्यांना, तलवार मिळाली की तीही त्यांनाच. लढाई हरलो की मात्र मी वेळेवर बरं केलं नाही म्हणून. पुढच्या शनिवारपासून मी येत नाही म्हणून सांगणार आहे.”

मी तिला समजूत घालणारं काही सांगितलं नाही. गणित सांगितलं. या खेळात ज्याचा एक गुण जीव उरला आहे तो योद्धा, आणि ज्याचे पन्नास उरले आहेत तो योद्धा, दोघे सारख्याच जोराने मारतात. जखमेने हात ढिला पडत नाही. मग पन्नासातले वीस गेले म्हणून लगेच मलम लावण्यात तुझी पाळी फुकट जाते. शिवाय सुरुवातीच्या पातळीवर तू एका मंत्रात जेवढं भरून काढतेस, त्याहून जास्त शत्रू एका फेरीत काढून घेतात. आडातलं पाणी पोहऱ्याने उपसतात तसे ते उपसत राहतात, आणि तू चमच्याने भरतेस. बरं करायचं ते माणूस जमिनीवर पडल्यावर. त्यासाठी ‘हीलिंग वर्ड’ नावाचा छोटा मंत्र आहे. तो लांबून टाकता येतो आणि मुख्य कृती खर्च होत नाही. पडलेला उठतो, आपल्या पाळीत वार करतो, आणि तुझा हात मोकळा राहतो. तोही नसेल तर औषधाची कुपी त्याच्या अंगावर फेकून फोडली तरी चालते.

मोकळ्या हाताने काय करायचं? पहिल्या पातळीपासून ‘ब्लेस’ हा मंत्र तिच्याकडे होता. तिघांच्या प्रत्येक वाराच्या फाशात चार बाजूंच्या आणखी एका फाशाची भर. एकाच मंत्रात तिघांचे नेम सुधारतात. आणि पाचव्या पातळीला पुजारिणीला ‘स्पिरिट गार्डियन्स’ मिळतो. तिच्याभोवती आत्म्यांचं कडं फिरू लागतं आणि जो शत्रू कड्यात सापडेल तो होरपळतो. हा मंत्र घेऊन मागे उभं राहण्यात अर्थच नाही. शत्रूंच्या मधोमध जाऊन उभं राहायचं असतं. फक्त एक पथ्य: यांतला कुठलाही एकच मंत्र एका वेळी चालू राहतो, आणि मार बसला की तो तुटण्याची भीती असते. म्हणून तिच्या अंगावर जाड चिलखत हवं. तिने ‘लाइफ’ शाखा घेतली होती, त्या शाखेच्या पुजारिणीला ते घालता येतं. ते चिलखत तिघांकडे मागायचं. मेहेरबानी म्हणून नव्हे, हिशेब म्हणून.

तिने मागितलं. एकाने कुरकुर केली म्हणे. मग चौघांनी मिळून एक नियम केला, की मिळालेली वस्तू कोणाला हवी आहे ते विचारायचं नाही, ती कोणाकडे गेली तर चौघांचा सर्वांत जास्त फायदा होईल ते विचारायचं. पुढच्याच मोठ्या लढाईत भाची कडं घेऊन घोळक्यात शिरली आणि नागपूरवाला ओरडला, “अगं, मागे हो!” ती झाली नाही. आता ते तिच्यामागून चालतात. शनिवार अजून चालू आहेत. चौथा खेळाडू जर्मनीत असल्यामुळे घड्याळाचं भांडण तेवढं दर आठवड्याला होतं. त्यावर माझ्याकडे मंत्र नाही.

शिक्षक म्हणून वर्गात गटकार्य देताना मी नेहमी पाहिलं, की हुशार मुलगा सगळं स्वतः करतो आणि चौथ्याला तक्त्यावर नाव लिहायला सांगतो. तो चौथाच पुढे गणिताला घाबरतो. खेळात निदान आकडे समोर दिसतात, त्यामुळे ‘त्याच्याने होत नाही’ हे वाक्य तपासून पाहता येतं.

वेळ संपत आली, म्हणून सुरुवात करणाऱ्यांसाठी शेवटचं सांगतो. महाजालावर सर्वोत्तम चमूच्या याद्या ढिगाने मिळतात. त्या पहिल्या खेपेला वाचू नका. दुसऱ्याने सोडवलेलं उदाहरण वहीत उतरवण्यात काय मजा? मोठ्या लढाईपूर्वी खेळ जतन करून ठेवा. हरलात तर ताबडतोब चमू बदलू नका. आधी रांग बदला, मग शत्रू वाटून घ्या, मग औषधं मोजा.

आणि पात्रांना नावं ठेवायला जरा वेळ द्या. जुन्या ‘फायनल फँटसी’त नाव चारच अक्षरांत बसवावं लागे, नव्यात थोडी जास्त जागा आहे. कोणी विचारलं तर मी सांगतो, ओळखीच्या माणसांची नावं द्या. भावाचं, मैत्रिणीचं, शेजारच्या काकूंचं. मग कोणाला पहिल्या जागेवर उभं करायचं हे ठरवताना हात जरा अडखळतो, आणि दलदलीच्या गुहेत शिरण्यापूर्वी औषधं दोनदा मोजली जातात.